मदत हवी आहे: होडीच्या ट्रेलरला १२ इंची चाकं ठेवू की १३ इंचीवर जाऊ?

नमस्कार मंडळी,

आमची सोळा फुटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. आचऱ्याच्या खाडीत उतरवतो. ट्रेलर स्थानिक वर्कशॉपमधून बनवून घेतलेला, एका अॅक्सलचा, दोन चाकांचा. ओढायला बोलेरो. एरवी घर ते खाडी एवढंच अंतर असतं, पण इंजिनाचं मोठं काम निघालं की कसालला हायवे पकडून हातखंब्यावरून रत्नागिरी गाठावी लागते. खरी काळजी त्या प्रवासाची आहे.

सध्या होडी शाकारून ठेवली आहे आणि ट्रेलर रिकामा आहे. नारळी पौर्णिमेच्या आत दोन्ही चाकं आणि स्टेपनी नवी घालायची आहेत. टायरची नक्षी अजून नव्यासारखी दिसते, पण साइडवॉल अंगठ्याने दाबली की बारीक भेगा उघडतात. रिमची अवस्था त्याहून वाईट. टायर जिथे कडेला बसतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेत, साबणाचं पाणी लावलं की नेमके तिथूनच बुडबुडे येतात. ट्यूब घालून भागवा असं पंक्चरवाला म्हणतो, पण त्या खरखरीत गंजावर ट्यूब घासून कधी फुटेल याचा भरवसा नाही. हायवेवर मागे होडी असताना तो धोका मला घ्यायचा नाही.

आता वजनाचं. जिथे चिऱ्याचे ट्रक मोजतात त्या काट्यावर होडी, इंजिन, भरलेली टाकी, नांगर, जाळी सगळ्यासकट ट्रेलर गाडीपासून सोडवून ठेवला. ९६० किलो भरला. सध्याचे टायर कारचे, १४५/८० आर १२, लोड इंडेक्स (किती भार झेलेल त्याचा आकडा) ७४, म्हणजे एका टायरला ३७५ किलो. दोन्ही मिळून ७५०! हे गणित जमतच नाही, त्यामुळे कारचे टायर पुन्हा घालायचे नाहीत हे नक्की.

पुढे दोन वाटा दिसतात. एक, छोट्या टेम्पोला असतात तसे १४५ आर १२ एलटी (हलक्या मालवाहू गाडीचे), ८ प्लाय (जास्त थरांच्या ताकदीचे). इंडेक्स ८६, म्हणजे ५३० किलो, दोन्ही मिळून १०६०. दुसरी, १५५ आर १३ एलटी, इंडेक्स ९० वाला, दोन्ही मिळून १२००. दुसऱ्यात भार झेलायची ताकद जास्त दिसते म्हणून मन तिकडे ओढतं. हबवर चार बोल्ट आहेत, समोरासमोरच्या दोन बोल्टांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ११४.३ मिमी. टायर आणि मडगार्डमध्ये आता जेमतेम तीन बोटं जागा आहे.

तर विचारायचं हे: १३ इंचीवर जावं का? आणि रिम रंगवलेली घ्यावी, अलॉय (अॅल्युमिनियमची) घ्यावी की गॅल्व्हनाइज (जस्ताचा थर चढवून) करून घ्यावी? खाऱ्या पाण्यात ट्रेलर उतरवणाऱ्यांनी अनुभव सांगितला तर फार उपकार होतील.

प्रतिसाद:

भाऊ, वजन करून आलात हे उत्तम केलंत. एक गोष्ट मात्र त्यात धरा. ९६० मधलं सगळं वजन चाकांवर येत नाही. होडी नीट पुढे-मागे बसवली असेल तर साधारण ७ ते १० टक्के भार गाडीच्या हुकावर जातो. म्हणजे चाकांवर ८७०-८९० किलो. त्यासमोर १०६० ठेवा, सुमारे वीस टक्के हात राखून राहतो. फक्त बॅटरी आणि टाकी एकाच बाजूला असेल तर ती मध्यावर आणा, नाहीतर एका टायरवर जास्त भार पडतो.

१३ इंची टायर व्यासाने चाळीसेक मिमी मोठा. म्हणजे होडी वीस मिमी वर जाणार आणि मडगार्डची जागा तेवढीच कमी होणार. खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबले की टायर पत्र्याला घासेल. उतारावर होडी तरंगायलाही ट्रेलर तेवढा अधिक खोल न्यावा लागेल. माझ्या मते १२ इंचीच ठेवा आणि वाचलेला पैसा रिमवर घाला.

८ प्लायच्या त्या टायरला पूर्ण भारासाठी ६५ पीएसआयच्या आसपास हवा लागते, साइडवॉलवर लिहिलेलं असतं. कारसारखी ३० भरून चालवलात तर टायर तापून फाटेल. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंतचाच असतो, म्हणून धातूचा बसवा. रिमही तेवढा भार आणि दाब झेलणारी आहे का ते विचारून घ्या. टायरवरचा चार आकडी कोड बघा: पहिले दोन टायर बनवल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात पडून राहिलेला माल घेऊ नका. एका अॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असं कधीच करू नका.

रिमचं म्हणाल तर अलॉय नकोच. लोखंडी हब, अॅल्युमिनियमची रिम आणि मध्ये खारं पाणी, यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. गॅल्व्हनाइज केलेली लोखंडी रिम आपल्याकडे सर्वांत टिकते. जस्ताचा थर नटाखाली दबतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर नट परत आवळा. नटाची बैठक निमुळती आहे की गोल, तेही रिमशी जुळवून घ्या.

आणि बेअरिंग विसरू नका. लांबून आल्यावर हब तापलेला असताना थेट पाण्यात घातलात की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत खेचलं जातं. हाताला गार लागेपर्यंत थांबा, मगच उतरवा. वर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

धागाकर्त्याचं उत्तर:

दादा, मनापासून आभार. हुकावरचा भार मी धरलाच नव्हता. १२ इंची ८ प्लायच घेतो. बॅटरी उजव्या बाजूला आहे, ती मध्यावर आणतो. आता एवढंच राहिलं: रत्नागिरी-सिंधुदुर्गात सुट्या तीन रिम गॅल्व्हनाइज करून देणारं कोणी आहे का, की घाटावरच पाठवाव्या लागतील? कोणी करून घेतल्या असतील तर नट बसण्याच्या जागेवरचा थर किती जाड आला, तेही सांगा.