संकल्प जानेवारीतच का सुटतो? तुमचा टिकलाय का कुणाचा?

मुलुंडची_मी
नमस्कार मंडळी, मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला, सकाळी पावणेआठची स्लो लोकल आणि घरी यायला रात्रीचे साडेआठ. दर ३१ डिसेंबरला डायरीत लिहिते, रोज १ तास चालायचं, महिन्याला २ पुस्तकं वाचायची. यंदा १२ तारखेपर्यंत छान चाललं होतं, मग मुलाला ताप आला, ३ दिवस गेले आणि जे सुटलं ते सुटलंच. दिवस तीनच गेले होते पण मी मनातून अख्खं वर्षच सोडून दिलं, याचंच जास्त वाईट वाटतंय. ४१ वय झालं, स्वतःसाठी काहीतरी करायचंय हो खरंच. तुम्ही कसं टिकवता?

दादर_पूर्व
ताई, २१ दिवसात सवय लागते हे डोक्यातून काढा आधी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पण. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. त्या लोकांनी नवीन गोष्ट रोजच्या ठरलेल्या कामाला जोडली होती, म्हणजे नाश्ता झाला की लगेच वगैरे. तुमची लोकल तर रोजचीच आहे. दादरला गर्दी उतरते, बसायला मिळालं की सीएसएमटीपर्यंत मोबाईल पर्समधे आणि पुस्तक बाहेर. मी असंच वाचतो, उभं राहायला लागलं तरी दोन पानं होतातच.

भांडुपकर
+१. महाराष्ट्र सेवा संघाची लायब्ररी आहे ना मुलुंडला, तिथलं पुस्तक आणा, परत करायची तारीख असली की वाचून होतं. आणि येताना स्टेशनवरून रिक्षा करू नका, चालत जा.

गिरगावची_मावशी
बाळा, मी ६३ वर्षांची आहे, ९ वर्षं झाली चौपाटीवर चालतेय. आधी माझं पण दर पावसाळ्यात बंद पडायचं आणि दिवाळीपर्यंत परत सुरूच व्हायचं नाही. मग एक केलं, वाईट दिवसाचं पण आधीच ठरवून टाकलं. पाऊस असला तर चाळीच्या गॅलरीत १० फेऱ्या, बस्स. घरात आजारपण असेल तर ५ फेऱ्या, पण चपला घालायच्याच. तू संकल्प केलास तो सगळं सुरळीत असेल त्या दिवसाचा. मूल आजारी पडणार, पाहुणे येणार, लोकल बंद पडणार, हे आपल्याला ठाऊक असतं ना? मग त्या दिवशी काय करायचं ते आजच लिहून ठेव. आणि मुलाजवळ रात्र काढलीस ते तीन दिवस वाया गेले असं मुळीच म्हणू नकोस गं.

मुलुंडची_मी
मावशी, डोळ्यात पाणी आलं वाचून. डायरीत १ तास खोडला आणि दोन ओळी लिहिल्या, रोज स्टेशन ते घर चालत, आणि घरात कुणी आजारी असेल तर गच्चीवर ५ फेऱ्या. आज दादरनंतर खिडकी मिळाली, सीएसएमटी येईपर्यंत ६ पानं झाली.