कोडिंग येत नसलं तरी चाचणी करता येते
‘कोडिंग येत नाही, मग फेडोराला (लिनक्सवर आधारित मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमला) मदत काय करणार?’ असा प्रश्न पडतो. रिलीजआधीची, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीची, चाचणी करा, तिथे माणसं हवीच असतात. बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) आला की आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उतरवा, ती नीट उतरली का हे कळण्यासाठी चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा आणि ती पेनड्राइव्हवर चढवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) बरंच कळतं, पण वाय-फाय लागतं का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे खऱ्या मशीनवरच कळतं.

आपण मराठी मंडळींनी एक गोष्ट आवर्जून बघावी. इन्स्टॉलर मराठीत लावा, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र नीट उमटतो का पाहा. इन्स्क्रिप्टने (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड रचनेने) टाइप करूनही पाहा. हिंदीत तो र नाही, त्यामुळे हिंदीतून तपासणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही.

बग (सॉफ्टवेअरमधली चूक) नोंदवताना आवृत्ती, हार्डवेअर आणि कोणत्या क्रमाने काय केलं ते लिहा. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलं तर दुरुस्त करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. रिलीज करायचं की नाही हे ठरवणाऱ्या गो/नो-गो बैठकीआधी कळवलंत तर उत्तम. ब्लॉकर (दुरुस्त झाल्याशिवाय रिलीज करता येत नाही असा) ठरलेल्या बगसाठी रिलीज पुढेही ढकलतात.

२०११ मध्ये पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात फडकॉन, म्हणजे फेडोरा वापरणाऱ्यांचं आणि घडवणाऱ्यांचं संमेलन, भरलं होतं. त्या पुण्यात मराठीच्या चाचणीला माणसं कमी पडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या बीटाला कोथरूडच्या बाजूला कोणी एकत्र बसणार असेल तर सांगा, मी जुना लॅपटॉप घेऊन येतो.