लिमिटमध्ये हातात एक्का-राजा, फ्लॉपला काहीच नाही... पुढे जायचं का?

फ्रीमॉन्टचा बाळू

नमस्कार मंडळी, मी इकडे कॅलिफोर्नियात बे एरियात असतो आणि शनिवारी एका कार्डरूमला 4/8 लिमिट होल्डेम खेळतो. ज्यांनी फक्त दिवाळीत तीन पत्ती खेळलीय त्यांच्यासाठी, होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची पाच, आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). लिमिट म्हणजे बेट ठरलेली असते, फ्लॉपपर्यंत 4 डॉलर आणि टर्न-रिव्हरला 8, मनाला येईल तेवढे लावता येत नाहीत.

तर परवाचा डाव. माझ्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा, बटनच्या (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याच्या) अलीकडची सीट. स्मॉल आणि बिग ब्लाइंडने पानं बघायच्या आधीच सक्तीचे 2 आणि 4 टाकलेले. आधीच्या दोघांनी नुसते 4 टाकले, मी 8 केले, बटन आणि स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, बिग ब्लाइंड आणि ते दोघं आले. पॉट 34. फ्लॉप आला बदाम गुलाम, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती. माझं काहीच नाही. बिग ब्लाइंडचा चेक (काही न लावता पुढे), पहिल्याने 4 लावले, दुसऱ्याने, म्हणजे एका काकांनी, कॉल केला (तेवढेच भरले). आता पॉटमध्ये 42 आणि मला भरायचे फक्त 4, म्हणजे साडेदहा पट मिळतायत ना, म्हणून मी कॉल मारला, बिग ब्लाइंड गेला. टर्नला बदाम राजा! सगळे चेक, मी खुशीत 8 लावले, पहिला गेला, काकांनी 16 केले, मी भरले, रिव्हरलाही 8 भरले. काकांकडे बदाम पंजी-चौकी. फ्लश, पाचही पानं बदामची. घरी येताना गाडीत हाच विचार की फ्लॉपला चुकलो का नशीब फुटकं?

किलवरची राणी

बाळू, नशिबाला मध्ये आणू नकोस, फ्लॉपलाच टाकायची होती.

तुझा हिशेब असा असणार की तीन एक्के आणि तीन राजे शिल्लक, 6 आउट्स (हात सुधारणारी पानं), न दिसलेली पानं 47, म्हणजे टर्नला लागायचा चान्स जेमतेम 13 टक्के, सात पट मिळाले तरी परवडतं आणि तुला साडेदहा मिळत होते. कागदावर बरोबर आहे. पण ते 6 खरंच तुझे आहेत का? बदाम एक्का आणि बदाम राजा आले की तिसरं बदाम पडतं, हातात दोन बदाम असलेल्याचा फ्लश होतो, म्हणून ते दोन गेले, उरले 4. चारला पावणेअकरा पट लागतात. आणि त्या चारातही कोणाकडे राजा-गुलाम किंवा एक्का-गुलाम असला तर तुझी जोडी लागते तेव्हाच त्याच्या दोन जोड्या होतात. शिवाय दश्शी आणि नव्वी घेऊन बसलेल्याची सीक्वेन्स तर फ्लॉपलाच झालेली.

अजून एक, तुमच्या कार्डरूमला ड्रॉप, म्हणजे पॉटमधला त्यांचा वाटा, किती कापतात?

फ्रीमॉन्टचा बाळू

5 डॉलर, जॅकपॉटचा धरून. हे मी मोजलंच नव्हतं 🤦

किलवरची राणी

मग पॉट 42 नाही, 37 होता. सव्वानऊ पट. झालं की.

पणजीकर

एवढा हिशेब कशाला रे, रेज करून सगळ्यांना पळवून लावायचं ना. मी मांडवीवरच्या कॅसिनो बोटीवर असतो तर फ्लॉपलाच ऑल-इन गेलो असतो, सगळ्या चिप्स लावून, एक्का-राजा आहे!!

किलवरची राणी

पणजीकर, ते नो-लिमिटला. इथे तू फार तर 4 चे 8 करणार, आणि एवढा पॉट असताना फ्लशची वाट बघत बसलेले काका 4 डॉलरसाठी पळतील का? त्यांचं न जाणंच बरोबर आहे. लिमिटमध्ये भीती विकत घेता येत नाही रे.

जुना भिडू

ताईंचं बरंचसं पटतं पण बाळूचा हात सरसकट टाकायचा म्हणणं मला नाही पटत. बाळू सगळ्यात शेवटी बोलणार होता, बटन आधीच गेलेला. अशा वेळी फ्लॉपला रेज करायचं, 8 जातात, मग टर्नला बहुतेक वेळा सगळे तुला चेक करतात, तूही चेक केलास की रिव्हरचं पान फुकट. म्हणजे दोन्ही पानं 8 मध्ये, नाहीतर 4 अधिक 8 असे 12 गेले असते. हे जमतं कारण टर्नची बेट दुप्पट असते. अर्थात समोरच्याने पुन्हा रेज केलं तर बोंबला, आणि तिघं समोर असताना ते होतंच. गुलाम-छक्की-दुर्री असा कोरडा फ्लॉप असता, तिन्ही पानं वेगवेगळ्या रंगांची आणि त्यात एक इस्पिक, तर मी डोळे झाकून पुढे गेलो असतो.

आणि इथेच एक्का बदामचा असता तरी गोष्ट वेगळी, मग अजून दोन बदाम पडली की सगळ्यात मोठा फ्लश तुझाच, आणि बदाम एक्का आउट्समधून वजा करायचा प्रश्नच नाही.

फ्रीमॉन्टचा बाळू

हे एक्क्याच्या रंगाचं भारीच, मी नुसतं एक्का-राजा एवढंच बघतो. आणि आत्ता मोजलं तर तो "फक्त 4 चा" कॉल मला फ्लॉपनंतर 28 ला पडला, कारण राजा लागल्यावर सोडवेना. पण समोर एकटा बिग ब्लाइंडच असता आणि त्याने 4 लावले असते तर? तेव्हाही टाकू?

किलवरची राणी

नाही, तेव्हा उलट जा. पॉट 18, त्याचे 4 धरून 22, म्हणजे साडेपाच पटच, नुसत्या आउट्सवर बघितलं तर हे अजून वाईट दिसतं. पण एकट्या माणसाविरुद्ध तुझा एक्का-राजा कितीतरी वेळा आत्ताच पुढे असतो, तो अर्धवट सीक्वेन्सवर, अर्धवट फ्लशवर पण लावतो. तिघांत कोणाला तरी काहीतरी लागलेलं असतंच. दोघांच्या लिमिट होल्डेमचं तर 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रामने जवळजवळ पूर्ण उत्तरच काढलंय, आयुष्यभर खेळून हरवता येणार नाही असं. चौघांच्या टेबलावर मात्र तो तुझ्या उपयोगाचा नाही, तिथे काकांकडेच बघायचं.

जुना भिडू

काकांनी रेज केलेल्या पॉटमध्ये पंजी-चौकी आणली यावर कोणीच बोलत नाहीये 😄

फ्रीमॉन्टचा बाळू

काका दर शनिवारी येतात. दर शनिवारी तेच आणतात. आणि चिप्स गोळा करताना मला म्हणतात, "वेल प्लेड."