मदत हवी आहे: युफोर्बिया ओबेसाच्या बुडाशी तपकिरी पट्टा, सड आहे की वय?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे युफोर्बिया ओबेसा आहे, काही जण त्याला बेसबॉल प्लांट म्हणतात. निवडुंगासारखं दिसणारं, गोल, मोसंबीएवढं, आठ धारांचं, बिनकाट्यांचं. पाऊस लागल्यापासून बुडाशी, मातीला टेकून, तपकिरी पट्टा दिसतोय आणि तो वर चढतोय असं वाटतं. वरचं अंग करडं-हिरवं, त्यावरच्या जांभळट आडव्या रेघाही नीट आहेत. पट्टा दाबला तर कडक लागतो. फक्त भिंतीकडच्या बाजूला एका ठिकाणी बोट किंचित आत जातं.

कांजूरमार्ग, तिसरा मजला, पश्चिमेची ग्रिल. वर पत्रा आहे, पण वाऱ्याबरोबर झड आत येतेच. कुंडी नर्सरीतलीच प्लास्टिकची, आत बहुतेक सगळं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पाणी मी जूनपासून बंद केलंय.

घाईने विचारतेय त्याला कारण आहे. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या कारू या कोरड्या प्रदेशातलं, केंड्र्यू गावाच्या आसपासचं. तिथे वर्षाला जेमतेम 200 ते 300 मिमी पाऊस, आणि आपल्याकडे सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी 2000 च्या वर. 1903 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं आणि पुढे हौशी लोकांनी रानातून इतकी झाडं उपटून नेली की तिथे ते आज धोक्यात आहे. शेराची फांदी रोवली की कोकणात कुंपण उभं राहतं, तसं याचं नाही. सहसा पिल्लं फुटत नाहीत, वाढवायचं ते बियांपासूनच. त्यात नर-मादी झाडं वेगळी. माझं नर आहे, डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे मादी आहे. यंदा दोघांना एकत्र ठेवून बी धरायचं ठरलंय. भर पावसात कुंडीतून काढू का, की उघडीप मिळेपर्यंत थांबू?

प्रतिसाद

ताई, थांबू नका. कडक, कोरडा, सगळीकडून सारखा चढलेला तपकिरी रंग म्हणजे साल जून होणं, त्याची काळजी नाही. तहानलेलं झाड मऊ पडतं, पण सगळं अंग सारखंच दबतं. एकाच जागी, तेही बुडाशी दबतंय, म्हणजे आत पाणी धरलंय. कोकोपीट वरून सुकल्यासारखं दिसतं आणि मधला गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका.

बाहेर काढून मुळं मोकळी करा. पांढरी, ताठ मुळं ठेवा. काळी, बुळबुळीत कापा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड, धुऊन टाका. अंगावर नख लावून टोकरू नका. डाग खरंच आत गेला असेल तर मात्र स्वच्छ गर लागेपर्यंत कापावं लागेल, आणि तेवढं कापल्यावर पुन्हा मुळं धरतीलच असं नाही. म्हणूनच आज बघा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फक्त हातमोजे घाला. याचा चीक शेराच्या चिकासारखाच, कातडीची आग होते. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हे काम दार लावून करा.

प्रश्नकर्ती

काढलं. मधला गोळा खरंच चिंब होता. भिंतीकडची बारीक मुळं गेली होती, ती कापली. मुख्य मूळ टणक आहे, दबणारी जागा सालीपुरतीच निघाली, आत गर स्वच्छ. आता लावू कशात? आणि कधी?

प्रतिसाद

वाचलं म्हणायचं! कापलेल्या जागी गंधक पूड लावा, वर्तमानपत्रावर ठेवून पंख्याखाली आठवडाभर सुकू द्या. मग मातीच्या छोट्या कुंडीत लावा. विटांचे बारीक तुकडे, धुतलेली जाड रेती (चौपाटीवरची अजिबात नको, मीठ असतं) आणि चाळलेलं थोडं शेणखत. खडे जास्त, खत नावाला. लावल्यावरही लगेच पाणी नको, आणखी आठवडाभर कोरडंच राहू दे.

ग्रिलमधून आत, झड लागणार नाही अशा उजेडाच्या खिडकीत हलवा. अंधारात ठेवलंत तर शेंडा लांबट वाढेल आणि तो आकार पुन्हा गोल होत नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढू नका, भाजतं. थोडं थोडं सवयीचं करा.

डोंबिवलीचा बेत रद्द करू नका. नराच्या फुलावरचे परागकण मऊ ब्रशने मादीच्या फुलाला लावा. फळ धरलं की त्यावर जाळीची पुरचुंडी बांधून ठेवा. पिकल्यावर ते फट्कन फुटतं, एका फळात बिया तीनच, आणि त्या उडून थेट गॅलरीबाहेर जातात.