मदत हवी आहे: अस्वलाचे फोटो काळेकुट्ट येताहेत (तातडीने!)

राजूरघाट_७४
शनिवारी परत जातोय, त्याआधी उत्तर हवंय. अस्वल समोर जेमतेम ४० फुटांवर होतं. १२ फोटो मिळाले आणि बाराही फोटोंत नुसता काळा गोळा. ना डोळे, ना तोंड. मागचं गवत मात्र सुरेख आलंय. सेटिंग काय ठेवू तेवढं सांगा. 'मॅन्युअल वाचा' म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

काजवा
कॅमेरा कुठला? लेन्स? वेळ काय होती? एखादा फोटो तरी टाका.

खडूस_काका
मॅन्युअल वाचा.

राजूरघाट_७४
निकॉन डी ५६००, ७०-३००. संध्याकाळ. फोटो टाकत नाही, लाज वाटते.

काजवा
कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतो. अस्वल एवढंसं आणि मागे वाळकं गवत उन्हात चमकतंय, म्हणजे त्याने गवत सांभाळलं आणि अस्वल बुडवलं. स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे कॅमेरा फक्त एका बिंदूचा उजेड मोजेल, नाहीतर एक्स्पोजर +१ करून फोटो उजळ करा. याच्या उलट, अस्वलाने फ्रेम भरली तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो, तेव्हा -१ करा. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो तोंडाच्या फिकट भागावर धरा. काळ्या केसांत कॅमेऱ्याला पकडायला काही सापडतच नाही. ते खाताना मान सारखी हलवतं, त्यामुळे शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. जेपेग नको, रॉमध्ये काढा, नंतर संगणकावर उजळता येतं. सूर्य बुडाल्यावर त्या लेन्सकडून अपेक्षा ठेवू नका.

सिअ‍ॅटलकर
आम्ही जुलैत अलास्कातल्या कॅटमाईला गेलो होतो. ब्रूक्स फॉल्सला लाकडी फलाट बांधलेत, खाली धबधब्यात अस्वलं सामन पकडतात. पोचल्या पोचल्या रेंजर आधी शाळा घेतो, मग सोडतो. अस्वलापासून ५० यार्ड लांब राहायचं, यलोस्टोनमध्ये तर १००. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, कमरेला हवाच.

खडूस_काका
त्यांनी स्प्रे विचारलाय का? आणि मोताळ्याच्या बाजारात तो कोण विकतो?

सिअ‍ॅटलकर
मोताळा कुठून आलं मध्येच?

खडूस_काका
आयडी बघा. राजूर घाट उतरलं की मोताळा.

पाऊलखुणा
एक मिनिट. ४० फूट म्हणजे १२ मीटर. जिप्सीतून का? कुठल्या गेटने गेला होतात?

राजूरघाट_७४
कसलं गेट? मामाचं शेत आहे, ज्ञानगंगा अभयारण्याला लागून. बांधावरच्या बोरींखाली रोज बोरं खायला येतं. मी बैलगाडीच्या आड बसलो होतो. ते सांगायचं राहिलं का?

पाऊलखुणा
तेच तर आधी सांगायचं! अस्वलाला नीट दिसत नाही आणि खाताना डोकं खाली असतं. तुम्ही जवळ आहात हे त्याला अगदी शेवटी कळतं, आणि दचकलं की ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. वाघाच्या रानात राहणारं जनावर आहे ते, पळण्यापेक्षा चाल करायचीच सवय. पळून त्याच्यापुढे जाता येत नाही. झाडावर चढाल तर मधासाठी ते तुमच्याहून चांगलं चढतं. बसायचंच तर बंद गाडीत बसा, सोबत कोणीतरी असू द्या आणि उजेड असतानाच निघा. फ्लॅश अजिबात नको. वनरक्षकांच्या कानावर घाला, १९२६ वर फोन लागतो.

मुळामुठा
एवढं कशाला? हंपीजवळ दरोजीला जा. १९९४ पासून खास अस्वलांचं अभयारण्य आहे. मनोऱ्यावर बसायचं, दुपारनंतर समोरच्या खडकांवर येतात. ऊन पाठीशी असतं. माझ्याकडे पिल्लू पाठीवर घेतलेली मादी आहे.

खडूस_काका
त्या खडकांना वनखात्याची माणसं गूळ फासतात, म्हणून येतात. ही फोटोग्राफी की प्रसादाची रांग?

मुळामुठा
मनोऱ्यावरून कोणाला त्रास होत नाही. तुम्ही ताडोब्यात एका वाघाला वीस जिप्स्या लावता, ते चालतं?

खडूस_काका
मी ताडोब्याला जातच नाही. दर बघितलेत का?

गोदाकाठ
ज्ञानगंगा म्हणजे २०१९ ला टिपेश्वर अभयारण्यातून चालत वाघ आला होता तेच ना? पुढे काय झालं त्याचं?

राजूरघाट_७४
गूळ! हे डोक्यातच आलं नव्हतं. मामाकडे ढेप आहे. बांधापासून लांब, उजेडात एखाद्या दगडाला लावला तर?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, थांब. तुया मामाच्या मोटरीची लाईन रातची असते का दिवसाची? आमच्याकडं आठवडाभर रातची असते. मंग हातात बॅटरी घेऊन माणूस एकटाच वावरात पाणी द्याले जाते. तू फोटो काढून रविवारी घरी जाशीन. अस्वल सोमवारी गूळ शोधत येईन, अन् तवा मामा तिथं दांडावर उभा राहीन.

काजवा
+१. आणि मी सांगितलेल्या +१ पेक्षा हे आधी वाचा.

मुळामुठा
मी दरोजीचं म्हटलं होतं, शेतात लावा असं नाही. हे माझ्या अंगाला लावू नका.

पाऊलखुणा
रात्री जायचंच असेल तर मामांना बोलत, काठी आपटत जायला सांगा. बोरींकडून फुर्र-फुर्र असा ओढल्यासारखा आवाज आला तर तिथूनच मागे फिरायचं. वरचे मधले दोन दात नसल्याने त्या फटीतून ते वाळवी ओढतं, त्याचा आवाज बराच लांब जातो.

राजूरघाट_७४
मामांना फोन केला. ढेपेचं नाव काढल्यावर आधी शिव्या घातल्या. या आठवड्यात लाईट रात्रीचीच आहे. म्हणाले, "बोरीखाली सकाळी बियांनी भरलेली विष्ठा पडलेली असते, हौस असेल तर तिचा काढ फोटो, ती हलत नाही."
तर शनिवारी उजाडल्यावर जातोय. ७०-३०० ने एवढ्या जवळचं येईल का?

खडूस_काका
मॅन्युअल वाचा.