मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलगा सज्ञान झाल्यावर पुढे काय?

नमस्कार. माझा भाचा ऑटिस्टिक आहे, नुकताच सज्ञान झाला. शाळा होती तोवर दिवस आखीव होता. ठरलेल्या वेळा, ओळखीचे शिक्षक, थेरपी. ते सगळं एकदम थांबलं. आणि लोकांची नजरही बदलली. लहानपणी तो हात हलवायचा, कान झाकायचा तेव्हा लोकांना कणव यायची. आता दाढी आलेला उंच मुलगा तेच करतो, तर माणसं दूर सरकतात. त्याला ते कळतं, हे जास्त लागतं.

नोकरीचं विचारायचं आहे. डेटा तपासणी तो अतिशय अचूक करतो, पण मुलाखतीत नजरेला नजर देत नाही, उत्तराला वेळ घेतो. तिथेच विषय संपतो. प्रश्न आधी लेखी द्या, किंवा मुलाखतीऐवजी कामच करून घेऊन बघा, अशी विनंती कुणी केली आहे का? नेमक्या कोणत्या शब्दांत?

शिवाय नातेवाईक म्हणतात, कायदेशीर पालकत्व घेऊन टाका, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय आपणच घ्यायचे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं 12 वं कलम मात्र कायद्यापुढे समान मान्यता आणि निर्णय घेताना लागेल तो आधार देण्याबद्दल बोलतं. मला हेच पटतं. पण बँक, औषधं, सह्या यांत हा आधार रोज कसा देता? कुणी फसवू नये म्हणून काय करता?

ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः लिहिलं तर फार बरं होईल. उत्तरं तोही वाचणार आहे.