इन्क्युबेटरमध्ये रिले लागला की तापमान दीड अंशाने उडतं, बाहेरचा व्होल्टेज रेफरन्स कुठला घेऊ?

गावरान_सातारा: मंडळी, थर्माकोलच्या खोक्यात 24 अंड्यांचा इन्क्युबेटर बनवलाय. अर्डुइनो उनो बोर्ड, एलएम35 (तापमानाचा सेन्सर), बल्ब चालू-बंद करणारा एक रिले, 60 वॅटचा बल्ब, डिस्प्ले. 37.5 अंश ठेवायचे आहेत. बल्ब बंद असताना 37.6 दाखवतो आणि रिले लागला की त्याच क्षणी 39.1. मग लगेच बंद, परत चालू. रात्रभर कट-कट-कट. मल्टिमीटर लावला तर 5 व्होल्टच्या पिनवर रिले बंद असताना 4.98, चालू झाला की 4.79. बोर्ड सेन्सरचा व्होल्टेज याच 5 व्होल्टशी (म्हणजे रेफरन्सशी) ताडून मोजतो, म्हणून तो पडला की तापमान जास्त दिसतं. मागच्या खेपेला 9च पिल्लं निघाली, फार जिवाला लागलं. बजेट 100 रुपये. सेटिंगसाठी 10के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) दुसऱ्या अ‍ॅनालॉग पिनवर आहे.

चिपळूणकर_88: डीएस18बी20 सेन्सर घे, विषय संपला. डिजिटल आहे, रेफरन्सची भानगडच नाही. माझा तीन वर्षं चालतोय.

इन्स्ट्रुमेंटेशनवाला: व्होल्टेज मोजणारा 16 बिटचा एडीएस1115 मोड्यूल लाव, त्याचा रेफरन्स आतच असतो. शंभर रुपयांत काय होतंय? थोडे पैसे टाक, कायमचं काम होईल.

अकोला_रिपेअर: सगळ्यात आधी एक ऐका. मी 3.3 व्होल्ट सरळ एरेफ पिनला (बाहेरचा रेफरन्स द्यायची पिन) जोडले आणि कोडमध्ये रेफरन्स 'एक्स्टर्नल' करायचं विसरलो. पहिल्याच रीडिंगला चिप आतून 5 व्होल्टची लाइन एरेफला जोडते, म्हणजे दोन सप्लाय एकमेकांवर. तेव्हापासून त्या बोर्डाचे सगळे अ‍ॅनालॉग पिन 1023, म्हणजे कमाल आकडा, दाखवतात. सेटअपमध्ये ती ओळ पहिल्या रीडिंगच्या आधीच आली पाहिजे. आधी कोड टाका, मग वायर जोडा.

सोल्डरकाका: अरे, फुकटात होतंय. उनोच्या चिपमध्ये 1.1 व्होल्टचा रेफरन्स आहेच. एलएम35 एका अंशाला 10 मिलिव्होल्ट देतो, म्हणजे 37.5 ला 375 मिलिव्होल्ट, आरामात बसतं. 5 व्होल्टवर मोजणीची एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची, 1.1 वर एक दशांशाची. फक्त तो प्रत्येक चिपमध्ये 1.0 ते 1.2 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. एरेफ पिनवर मल्टिमीटरने मोज आणि तोच आकडा कोडमध्ये घाल.

नांदेड_शेतीटेक: डीएस18बी20 च घे. वर सांगितलंय, तरी परत सांगतो.

अकोला_रिपेअर: @नांदेड, बाजारात त्याचे डुप्लिकेट किती आहेत! मी आणलेल्या पाचपैकी दोन एक अंशाने चुकत होते.

चिपळूणकर_88: चांगल्या ठिकाणाहून घ्यायचे. आणि एलएम35 कुठे मोठा अचूक आहे? साधा डी ग्रेड 25 अंशाला दीड अंशापर्यंत चुकू शकतो.

इन्स्ट्रुमेंटेशनवाला: त्यापेक्षा एनटीसी थर्मिस्टर. त्याचा डिव्हायडर (दोन रेझिस्टरची जोडी) आणि बोर्डातला व्होल्टेज मोजणारा एडीसी एकाच 5 व्होल्टवर असले की सप्लाय हलला तरी गुणोत्तर तेच राहतं. तिथे बाहेरचा रेफरन्स लावला तर उलट बिघडतं.

मीनल_बोर्ड: काका, 1.1 ला अडचण आहे. उनोमध्ये रेफरन्स सगळ्या अ‍ॅनालॉग पिनना एकच. त्यांचा पॉट 5 व्होल्टवर असणार, तो थोडासा फिरवला की पुढे सगळं 1023. दुसरं, एलएम35 ची ग्राउंड (निगेटिव्ह) वायर रिलेच्या ग्राउंडबरोबर एकाच तारेने येते का? रिलेचा करंट त्या तारेतून गेला तर काही मिलिव्होल्ट तिथेच वाढतात. ते कुठलाही रेफरन्स सुधारत नाही. सेन्सरची ग्राउंड वेगळी, थेट बोर्डापर्यंत आणा.

सोल्डरकाका: पॉटचं लक्षात आलं नाही माझ्या, बरोबर आहे. मग बाहेरचा रेफरन्स म्हणून एलएम4040 चिप, 2.5 व्होल्टची. तशीच टीएल431 स्वस्त आहे, पण त्याच्यावर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायची सवय सोड. कपॅसिटरच्या काही मधल्या मूल्यांना टीएल431 ऑसिलेट होतो, व्होल्टेज सतत वरखाली होतो. एलएम4040 ला कुठलाही चालतो.

इन्स्ट्रुमेंटेशनवाला: आम्ही लावतो, कधी काही झालं नाही.

सोल्डरकाका: ऑसिलोस्कोपवर पाहिलंस का कधी?

गावरान_सातारा: सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन काहीच घेतलं नाही. घरी बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या सप्लायमध्ये टीएल431 सापडला, ट्रान्झिस्टरसारखा तीन पायांचा. डेटाशीट बघून पाय ओळखले, रेफरन्स आणि कॅथोड एकत्र जोडले, 5 व्होल्टवरून 1के लावून एरेफला दिला. कपॅसिटर नाही. अकोलावाल्या दादांचं ऐकून कोड आधी टाकला. एरेफवर रिले चालू असो की बंद, 2.49 च. पॉटचं वरचं टोकही 5 वरून काढून तिथेच जोडलं.

तरी अर्ध्या अंशाची उडी उरलीच होती. मीनलताई, ती ग्राउंडची होती. सेन्सरची काळी वायर रिलेच्या स्क्रूखालून काढून बोर्डाला लावली, आता जास्तीत जास्त एक पायरी हलते, पाव अंश. डॉक्टरी थर्मामीटर शेजारी ठेवून कोडमध्ये 0.4 ची दुरुस्ती घातली, आणि चालू-बंदमध्ये 0.3 चं अंतर ठेवलं.

काल संध्याकाळी अंडी ठेवली. रात्री दोनला उठून पाहिलं, 37.5. रिले आता चार-पाच मिनिटांनी एकदा वाजतो.